मोरचूद, चुना आणि खिळा : दहावीच्या मुलीने रासायनिक अभिक्रिया कशा शिकाव्यात

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी यंदा दहावीत. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा रासायनिक अभिक्रियांचा. तो तिने तीनदा पाठ केला, समीकरणांनी अर्धी वही भरली, तरी चाचणीत लोखंड आणि मोरचुदाचं समीकरण उलटं लिहून आली आणि ‘बॅलन्स करा’ हा प्रश्न तर कोराच सोडला. ‘आमचं सुपारीचं कुळागर आहे, घरात विज्ञान समजावणारं कुणी नाही, फोंड्याला क्लासला पाठवणं जमण्यासारखं नाही. हिने अभ्यास तरी कसा करावा?’ असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी ३१ वर्षं गोव्यातल्या फोंडा तालुक्यात हायस्कूलच्या मुलांना विज्ञान शिकवलं. तुमच्या मुलीसारखी मुलं दरवर्षी वर्गात असायची. कष्टाळू, नेटक्या वहीची आणि केमिस्ट्रीला घाबरलेली. त्यांच्याकडे बघून माझं एक मत पक्कं झालं आहे: अभिक्रिया आपण मुलांना शेवटाकडून शिकवतो. समीकरण म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची नोंद. दुकानदार आधी माल मोजून देतो, मग वहीत मांडतो. आपण मुलांच्या हातात नुसती वही देतो, माल दाखवतच नाही. मग ती अक्षरं आणि आकडे पाठ करतात, आणि अर्थाशिवाय पाठ केलेली अक्षरं परीक्षेच्या धास्तीत जागा बदलतात. तुमच्या मुलीचं नेमकं तेच झालं. अभ्यास कमी पडला असं मला अजिबात वाटत नाही.

तुम्ही कुळागराचा उल्लेख केलात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पावसाआधी पोफळींवर कोळेरोगासाठी (पावसाळ्यात सुपारी सडून गळते तो रोग) तुम्ही बोर्डो मिश्रण फवारून घेत असाल. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. अर्ध्या पाण्यात मोरचूद विरघळवतात, उरलेल्या अर्ध्यात चुना कालवून गाळून घेतात. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत लाकडी काठीने ढवळत राहतात. पिंप प्लास्टिकचं असतं, लोखंडाचं कधीच नाही. आणि शेवटी जाणता माणूस घासून चकचकीत केलेली सुरी त्या मिश्रणात थोडा वेळ बुडवून धरतो. पात्यावर तांबूस थर आला तर म्हणतो, चुना कमी पडलाय, आणखी घाला.

आता मुलीला तिचा धडा उघडायला सांगा. त्या पिंपात तिच्या पुस्तकातल्या दोन अभिक्रिया घडत आहेत. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पाण्यात कालवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. दोन्ही एकत्र आले की निळसर, दह्यासारखा साका तयार होतो. तो मुख्यतः कॉपर हायड्रॉक्साइडचा. सोबत कॅल्शियम सल्फेट बनतं. पुस्तक ह्याला ‘डबल डिस्प्लेसमेंट’ म्हणतं, म्हणजे दोघांनी आपापले जोडीदार बदलणं. (प्रत्यक्षात त्या साक्याची घडण थोडी गुंतागुंतीची असते, पण दहावीला एवढं पुरेसं आहे.) चुना कमी पडला तर काही कॉपर सल्फेट तसंच पाण्यात विरघळलेलं राहतं. त्यात लोखंडाची सुरी गेली की लोखंड पाण्यात उतरतं आणि तांबं पात्यावर येऊन बसतं. हीच ती ‘डिस्प्लेसमेंट रिॲक्शन’, जी तुमची मुलगी उलटी लिहून आली. लोखंडी पिंप का वापरत नाहीत, ह्याचंही उत्तर त्यातच आहे. पिंप झिजेल आणि औषधातलं तांबं पिंपालाच चिकटून बसेल.

तिला कुळागरात उभं करून हे एकदा दाखवा. ज्या मुलीने सुरीवर तांब्याचा थर चढताना पाहिला, ती ते समीकरण पुन्हा उलटं लिहीत नाही, हे मी अनेक वर्षं पाहिलं आहे. लिहिताना हात थबकतो. सुरीवर काय आलं होतं? तांबं. मग ते बाणाच्या उजवीकडेच जायला हवं.

तिने उलटी बाजूही तपासावी. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवून त्यात जुन्या वायरमधली घासलेली तांब्याची तार सोडायची. तारेवर काहीच होत नाही. उद्याही होत नाही, परवाही होत नाही. वर्गात हा प्रयोग फार कमी शिक्षक करतात, कारण ‘काही होत नाही’ हे दाखवण्यात तास फुकट गेल्यासारखा वाटतो. मला तो सगळ्यांत मोलाचा तास वाटतो. समीकरण कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिता येतं, निसर्गात ते एकाच दिशेने जातं, हे मुलाला तिथे कळतं. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, तांब्याचा आयन (पाण्यात विरघळलेला विद्युतभारित अणू) ते घेतो. तांब्याची लोखंडाला इलेक्ट्रॉन द्यायची तयारी नसते. सल्फेट बिचारं दोन्ही वेळा नुसतं पाण्यात फिरत असतं.

हे लक्षात आलं की धातूंची ती लांबलचक क्रियाशीलता मालिका (कुठला धातू किती चटकन अभिक्रिया करतो त्याचा क्रम) पाठ करायचं ओझं निम्मं होतं. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवावं लागतं. मॅग्नेशियमची फीत दिवाळीतल्या चंद्रज्योतीसारखी पेटते. लोखंडी गेट आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतं. देवळातली तांब्याची भांडी नुसती काळवंडतात आणि आमसुलाने घासली की पुन्हा लखलखतात. देवीच्या अंगावरचं सोनं पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं. ही सगळी ती मालिकाच आहे, वरून खाली. भांड्यावरचा काळा थर कॉपर ऑक्साइडचा असतो. आमसुलातलं किंवा चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं, आतलं तांबं सहसा तसंच राहतं. कारण तांबं मालिकेत हायड्रोजनच्या खाली आहे, साध्या आम्लातून हायड्रोजन बाहेर काढणं त्याला जमत नाही. जस्ताला जमतं, म्हणून विरल आम्लात जस्त टाकलं की बुडबुडे येतात.

बोर्डोकडे एकदा परत येते, कारण तिथे हिशेबाची एक सुंदर गोष्ट आहे. एका वर्षी सावईवेऱ्याकडच्या एका मुलाने वर्गात विचारलं, ‘टीचर, बाबा मोरचूद आणि चुना समान का घेतात? समीकरणात तर एकास एक रेणू आहे, वजन वेगवेगळं यायला हवं.’ दहावीच्या मुलाने हा प्रश्न विचारावा ह्याचा मला इतका आनंद झाला की तो तास मी त्यालाच दिला. आम्ही फळ्यावर मांडलं. मोरचुदाचे खडे पाण्याचे पाच रेणू धरून असतात, म्हणून त्याचं रेणुवस्तुमान साधारण २५०. विरलेल्या चुन्याचं ७४. म्हणजे २५० ग्रॅम मोरचुदाला ७४ ग्रॅम चुना, आणि १ किलोला सुमारे ३०० ग्रॅम. शेतकरी घेतो १ किलो. उरलेला ७०० ग्रॅम वाया गेला का? नाही. बाजारातला चुना शुद्ध नसतो, त्यातला काही भाग जुना होऊन निकामी झालेला असतो, आणि विरघळलेलं तांबं थोडं जरी शिल्लक राहिलं तरी कोवळा भाग करपतो. म्हणून चुना मुद्दाम जास्त. समीकरण कमीत कमी किती लागेल ते सांगतं. प्रत्यक्षात किती घ्यायचं ते अनुभव सांगतो. हे मिश्रण १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने जगापुढे मांडलं. बोर्डो भागातले द्राक्षबागायतदार रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. त्या वेलींवर बुरशी येत नाही हे त्याच्या नजरेला आलं. पाहणं आधी आलं, समीकरण मागून.

चुन्याचा विषय निघालाच आहे, तर दहावीच्या धड्यातला माझ्या मते सर्वांत श्रीमंत भाग हाच आहे, आणि पुस्तकात तो तीन वेगवेगळ्या पानांवर विखुरलेला आहे. तो एकत्र करून शिकला पाहिजे.

आपल्याकडची जुनी घरं आणि चर्च ज्या चुन्यात बांधली, त्यातला बराच चुना शिंपल्यांचा. खाडीतल्या तिसऱ्या, खुबे, कालवं यांची कवचं म्हणजे जवळपास शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उरते. हे अपघटन. सतत उष्णता पुरवावी लागते, म्हणून ऊष्माग्राही. चुनकळीवर पाणी घातलं की ती फसफसते, वाफा येतात, भांडं हाताला धरवत नाही. हा संयोग, आणि ऊष्मादायी. तो विरलेला चुना भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू त्यात शिरतो, पाणी बाहेर पडतं आणि भिंतीवर पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. म्हणजे शिंपला फिरून शिंपलाच झाला, फक्त आता तो भिंतीच्या आकाराचा आहे.

आता वजनं मांडा. १०० ग्रॅम शिंपल्यातून ५६ ग्रॅम चुनकळी आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. ५६ ग्रॅम चुनकळीत १८ ग्रॅम पाणी मिळालं की ७४ ग्रॅम विरलेला चुना. ७४ ग्रॅम चुन्याने ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड परत घेतला की १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आणि १८ ग्रॅम पाणी. भट्टीत उडालेले ४४ भिंतीत परत आले, मधे घातलेले १८ परत गेले. मी हे फळ्यावर गोल काढून दाखवत असे. गोल पूर्ण होतो तेव्हा वर्गात एक क्षण शांतता पसरते, ती मी कधी विसरणार नाही. अठराव्या शतकात लाव्हाझिए हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमध्ये बंद भांड्यांत पदार्थ तापवून आधी आणि नंतर वजन करत होता. १७८९ साली त्याने आपल्या ग्रंथात वस्तुमान नष्ट होत नाही आणि नव्याने निर्माणही होत नाही हे ठामपणे मांडलं. मुलं हे वाक्य सहावी-सातवीपासून म्हणतात. पण लाकूड जळून मूठभर राख राहिली की त्यांना मनातून वाटतच असतं, वजन गेलं कुठेतरी. शिंपल्याचा गोल हा संशय घालवतो.

ह्यातला शेवटचा टप्पा घरी करता येतो. विड्याला लावायचा चुना सुपारीएवढा घ्या, बाटलीभर पाण्यात हलवा, रात्रभर ठेवा, सकाळी वरची नितळ निवळी अलगद ओतून घ्या. त्यात नळीने फुंकर घालायची, फक्त फुंकायचं, ओढायचं नाही. निवळी दुधाळ होते. मुलीला तिथेच थांबू देऊ नका, फुंकत राहायला सांगा. बऱ्याच वेळाने ते दुधाळ पाणी पुन्हा नितळ होऊ लागतं, कारण कॅल्शियम कार्बोनेट आणखी कार्बन डायऑक्साइड घेऊन पाण्यात विरघळणारं बायकार्बोनेट बनतं. ते पाणी उकळलं की पुन्हा गढूळ. एका पेल्यात तीन अभिक्रिया झाल्या आणि खर्च शून्य.

आता बॅलन्सिंग, म्हणजे बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे करणं. मुलं इथे घाबरतात, पण हा भाग समजायला सोपा आहे. फक्त तो हाताने करायला हवा.

दहा-बारा करवंट्या घ्या. एक करवंटी म्हणजे एक रेणू. लोखंडाच्या अणूसाठी सुपारी, ऑक्सिजनसाठी काजूची बी, हायड्रोजनसाठी चिंचोका. नियम एकच: करवंट्या कितीही मांडा, पण करवंटीच्या आत काय आणि किती आहे त्याला हात लावायचा नाही. पाण्याच्या करवंटीत दोन चिंचोके आणि एक काजूची बी. ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून कुणी पाण्याच्या करवंटीत दुसरी बी टाकली, तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, जखम धुवायच्या बाटलीतलं. मुलं समीकरणातला खालचा बारीक आकडा बदलतात तेव्हा हीच चूक करतात. हिशेब जुळावा म्हणून पदार्थच बदलून टाकतात. करवंटीतली बी हातात धरून हे एकदा समजलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

तापलेल्या लोखंडावरून वाफ गेली की लोखंडाचं काळं ऑक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो. ऑक्साइडच्या करवंटीत तीन सुपाऱ्या आणि चार काजूच्या बिया. सगळ्यांत भरलेली करवंटी हीच, म्हणून सुरुवात तिच्यापासून. चार बिया आणायच्या तर पाण्याच्या चार करवंट्या हव्यात. त्यांच्यासोबत आठ चिंचोके आले. हायड्रोजनच्या करवंटीत दोन-दोन चिंचोके मावतात, म्हणून उजवीकडे हायड्रोजनच्या चार करवंट्या. सुपाऱ्या तीन, म्हणून डावीकडे लोखंड तीन. झालं. एकटं मूलद्रव्य नेहमी शेवटाला ठेवायचं, कारण त्याचा आकडा बदलला तरी दुसऱ्या कशाला धक्का लागत नाही. अशी पंधरा समीकरणं करवंट्यांनी केली की सोळावं ती कागदावर करील. शंभर पाठ करण्यापेक्षा ही पंधरा बरी.

भाषेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या गोव्यातल्या मुलांची ही खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. चौथीपर्यंत मराठीत विचार करणारी मुलगी पाचवीत इंग्रजी पुस्तक हाती घेते. दहावीपर्यंत ती इंग्रजी वाचू लागते, पण ‘डिस्प्लेसमेंट’ हा शब्द तिच्यासाठी पोकळच असतो. मराठीत तोच शब्द ‘विस्थापन’. साळावली धरणाने कुर्डीची माणसं विस्थापित झाली, हे गोव्यात कुणाला सांगावं लागतं? पाणी आलं, माणसांना जागा सोडावी लागली. लोखंड आलं, तांब्याला जागा सोडावी लागली. शब्दाला अर्थ मिळाला की तो डोक्यात राहतो. ‘प्रेसिपिटेट’ म्हणजे साका, तळाशी बसणारा गाळ. ‘रिडक्शन’ मात्र मुलांना हमखास फसवतो. त्यांना वाटतं काहीतरी कमी झालं. लॅटिनमध्ये ह्या शब्दाचा मूळ अर्थ परत नेणं असा आहे, खनिजाला परत धातूकडे नेणं. आपल्या डिचोली-सांग्याच्या खाणींतलं लाल खनिज म्हणजे मुख्यतः लोखंडाचं ऑक्साइड. आमोण्याला कच्चं लोखंड बनवतात, तिथे भट्टीत कार्बन मोनॉक्साइड त्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. १६० ग्रॅम शुद्ध ऑक्साइडमधून ११२ ग्रॅम लोखंड. खनिजाचं क्षपण, म्हणजेच रिडक्शन, झालं, आणि तो ऑक्सिजन घेऊन कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडीकरण झालं. दोन्ही एकाच वेळी होतात. एक झालं आणि दुसरं झालं नाही, असं कधी होत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: मुलीने प्रत्येक अभिक्रिया आधी मराठीत, घरात बोलतो तशा भाषेत, दोन वाक्यांत लिहावी. काय टाकलं, काय दिसलं, काय उरलं. मग इंग्रजी नावं लिहावीत. मग चिन्हं. मग आकडे. वहीच्या पानावर ह्याच क्रमाने. शाळेत कुणी म्हणेल की विज्ञानाच्या वहीत मराठी कशाला. ही तिची घरची वही आहे, तिथे तिची भाषा चालेल.

आता जिथे चांगली मुलंही चुकतात तिथे थोडं थांबते. मिठागरात खारं पाणी आटून मीठ उरतं. नवा पांढरा पदार्थ दिसला म्हणून मुलं त्याला अभिक्रिया म्हणतात. मीठ पाण्यात आधीपासूनच होतं, पाणी तेवढं गेलं. उलट माडाची सूर, म्हणजे माडी, ठेवली की तिच्यातल्या साखरेचं यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं, म्हणून सान्नांचं (इडलीसारख्या पदार्थाचं) पीठ फुगतं. तीच सूर हवेत आणखी राहिली की जिवाणू अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात आणि व्हिनेगर होतं. इथे पदार्थ खरोखर बदलले, वास आणि चव दोन्ही साक्षी आहेत. म्हणून तिने दरवेळी एकच प्रश्न विचारावा: आधी नव्हता असा पदार्थ तयार झाला का? दुसरी चूक डबल डिस्प्लेसमेंटमधली. मुलं कुठलेही दोन क्षार घेतात, जोड्या बदलतात आणि बाण काढतात. मीठ आणि पोटॅशियम नायट्रेट पाण्यात एकत्र केले तर काहीही होत नाही, चारही आयन पाण्यात पूर्वीसारखेच फिरत राहतात. काहीतरी त्या पाण्यातून बाजूला व्हायला हवं. साका म्हणून तळाशी, वायू म्हणून वर, किंवा आम्ल आणि अल्कली भेटले तर पाणी म्हणून. तसं काही नसेल तर बाण काढायचा नाही.

गंजाबद्दल मात्र मी नेहमी जास्त वेळ घेत असे. मी नोकरीला लागले त्या सुमारास, ५ जुलै १९८६ ला, मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजी-बेतीच्या लोकांना पुन्हा फेरीबोटीवर अवलंबून राहावं लागलं. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारांना लागलेला गंज हे त्यामागचं एक मोठं कारण सांगितलं जातं. काँक्रीट ताजं असताना त्यातला चुना अल्कलीयुक्त असतो आणि आतल्या पोलादाला सांभाळतो. पण समुद्राच्या हवेतले क्लोराइड आत शिरतात, कार्बन डायऑक्साइड त्या चुन्याला पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनवतो (भिंत घट्ट करणारी तीच अभिक्रिया इथे घात करते), आणि पोलादाचं कवच जातं. पुस्तकातली दोन पानं जोडली की एक पूल समजतो. घरी चार बाटल्यांत चार खिळे ठेवा: एक कोरड्या बाटलीत, एक उकळून थंड केलेल्या पाण्यात वर तेलाचा थर देऊन, एक साध्या पाण्यात आणि एक समुद्राच्या पाण्यात. आठ दिवस रोज एक ओळ लिहायची. चौथी बाटली पुस्तकात नाही, पण गोव्यात ती हवीच.

परीक्षेबद्दल एवढंच सांगते. ‘निरीक्षण लिहा’ म्हटलं की रंग, वायू, साका, उष्णता यांपैकी जे खरोखर दिसतं तेच लिहावं. ‘कॉपर तयार झालं’ हे निरीक्षण नाही. ‘निळा रंग फिकट होऊन हिरवट झाला, खिळ्यावर तांबूस थर आला’ हे निरीक्षण आहे. ह्या फरकावर बरेच गुण जातात.

आणि सुरक्षिततेबद्दल, कारण घरी करायला मी सांगते आहे तर जबाबदारीही माझी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका शाळेत घाईत मी तीव्र गंधकाम्लात पाणी ओतलं. आम्लात पाणी ओतायचं नसतं, पाण्यात आम्ल थेंबाथेंबाने घालायचं असतं, हे मला तोंडपाठ होतं. बीकर एकदम तापला, आम्ल उसळलं, माझं मनगट भाजलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्या गालाजवळून एक थेंब गेला. तो थेंब मला अजून दिसतो. त्यानंतर चष्मा लावल्याशिवाय मी एकाही मुलाला आम्लाजवळ उभं केलं नाही. तुमच्या घरी तीव्र आम्लं येऊच देऊ नका, ह्या सगळ्यातल्या एकाही प्रयोगाला ती लागत नाहीत. चुनकळीही घरात विरवू नका. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो, गेलाच तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. संडास साफ करायचं आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

सुरुवात खिळ्यापासून करा. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मोरचूद, पॉलिश पेपरने घासलेला खिळा दोऱ्याने टांगायचा, अर्ध्या तासाने वर काढायचा. पेला प्लास्टिकचा, आणि नंतर पिण्यासाठी वापरायचा नाही. हात साबणाने धुवायचे. उरलेलं निळं पाणी पाटात किंवा ओहोळात ओतू देऊ नका, तांब्याने मासे मरतात. त्यात थोडा चुना कालवा, साका खाली बसू द्या आणि वरचं पाणी नितळ दिसतंय का ते बघा. मग चकचकीत सुरी त्यात बुडवून मुलीला विचारा, पुरेसा चुना पडला का.